रद्द झालेल्या खेपा

त्या दुष्काळात मी लातूरला एका लहान कंपनीत होते. गावोगावच्या टँकरच्या खेपा लावून देणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. अशात नवा जिल्हा होणार अशी बोलवा उठली. काही तालुके तिकडं गेले तर आपली यादी नीट चालेल का, हे तपासायचं काम माझ्याकडं आलं.

तपासणीसाठी वेगळा सर्व्हर होता. त्यावर मी गावांच्या यादीचा नवा बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती, चढवला आणि ड्रायव्हरांना मेसेज पाठवणारा जुनाच बिल्ड त्याला जोडला. नव्या यादीत निलंग्याकडची गावं जिल्ह्याबाहेर गेली, त्यांच्या खेपा रद्द झाल्या. हवं तसंच झालं म्हणून मी खूश होते.

दहा मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला.

"म्याडम, खेप रद्द म्हणून मेसेज आलाय. गाडी वळवायलोय."

जुन्या बिल्डमध्ये ड्रायव्हरांचे खरे नंबर तसेच राहिले होते.

"वळवू नका! चूक झालीय. गावाकडंच जा."

सर्व्हर बंद केला आणि साहेबांना सांगितलं. वाटलं, नोकरी गेली. ड्रायव्हरांची निम्मी यादी स्वतःकडं ओढून त्यांनी फोन लावायला घेतले. सतरा गाड्यांपैकी सोळा सापडल्या. एकाचा फोन लागेना. तो ज्या गावाला निघाला होता, तिथं चार दिवसांनंतर आज टँकर जायचा होता.

साहेबांच्या मोटारसायकलवर आम्ही टँकर भरायच्या विहिरीवर गेलो. ड्रायव्हर तिथंच बसला होता, गाडी रिकामी.

"रद्द म्हणलं, मंग पाणी दुसऱ्या गावाला दिलं की. माझं काय चुकलं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. गाडी पुन्हा भरली. मी त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसले. पाण्यासाठी थांबलेल्या बाया काय म्हणतील? त्यांना मी काय सांगणार, बिल्ड चुकीचा जोडला?

गाव आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घागरींची रांग पार शाळेपर्यंत गेलेली. मी खाली उतरले आणि पुढच्या म्हातारीला म्हणाले, "आजी, उशीर माझ्यामुळं झाला."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलंही नाही.

"लई बोलू नकोस," ती म्हणाली. "आधी तो पाइप धर."