दोन लसी आणि अकरा मागण्या

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. वर्गातल्या बाकीच्यांचा 'अ' अननसाचा होता, माझा अन्यायाचा. बाबा बँकेच्या नोकरीसाठी खानदेशातून उज्जैनला आले आणि आल्या आल्या कर्मचारी संघटनेत शिरले. रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे यायचे, आणि आई, मी आणि जो कुणी पाहुणा तावडीत सापडेल तो, असे सगळे घड्या घालायला बसायचो. माझं स्वतःचं पहिलं पत्रक मी चौथीत काढलं, शनिवारच्या सकाळच्या शाळेविरुद्ध. बाबांनी ते लक्षपूर्वक वाचलं आणि म्हणाले, "भाषा जोरदार आहे. मागणी कुठे आहे?"

तेव्हापासून माझ्या आयुष्यात मागणी नसलेला प्रसंग आला नाही. मला दिवस गेले तेव्हाही.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले. माझ्या सासर-माहेरात तीन सिग्नलचं अंतर आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच का, याविरुद्ध मी एकदा दोन पानी लेख लिहिला होता. पण आईच्या हातचं वरण विचारसरणीच्या बाहेरचं आहे, म्हणून आले. नवरा रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर यायचा, चहा प्यायचा आणि बाबांशी वाद टाळायचा.

अठ्ठावीस आठवडे झाले त्या तपासणीत फ्रीगंजमधल्या डॉक्टरबाई माझी फाइल मिटता मिटता म्हणाल्या, "दो टीके और लगवा लीजिए. एक फ्लू का, एक काली खाँसी वाला. खाँसी वाला छत्तीस हफ्ते से पहले."

काली खाँसी म्हणजे डांग्या खोकला. आता आईनं लस घेतली की तिच्या अंगातलं संरक्षण पोटातल्या बाळाकडे जातं, असं त्यांनी सांगितलं. बाळाला या खोकल्याची स्वतःची पहिली लस दीड महिन्यानं मिळते, तोवर त्याच्या गाठीला तेवढंच.

मी म्हटलं, विचार करून सांगते.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मी लसींच्या विरोधात नव्हते. लसींच्या बाजूनं मी स्वतः पत्रक लिहिलेलं आहे, वस्त्यांमध्ये उन्हात फिरून वाटलेलं आहे, आणि 'अफवांना बळी पडू नका' हे वाक्य त्यात दोनदा आहे. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन मी सरकारी केंद्रात रांगेत उभी राहून, एकही प्रश्न न विचारता घेतलं होतं. तिथल्या सिस्टरनं विचारलं, "उल्टा हाथ या सीधा?" मी अर्थातच डावा पुढे केला. हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी निव्वळ दंडासाठी विचारत होतं.

पण या दोन नव्या लसी सरकारी केंद्रात मिळत नव्हत्या. मी तिथे जाऊन विचारून आले. तिथूनच माझा मुद्दा उभा राहिला: त्या जर गरजेच्या असतील तर प्रत्येक बाईला का नाहीत? आणि प्रत्येक बाईला नसतील तर मलाच का? मुद्दा इतका चोख होता की तो सुचल्यावर मला दोन दिवस छान झोप लागली.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे मॅनेजमेंटच उरली नव्हती. ते कपाटातून जाड पॅड घेऊन आले.

"पहिल्या बैठकीत कधीच हो म्हणायचं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या बैठकीत ऐकून घ्यायचं. तिसऱ्यात समोरचा काय सोडतो ते बघायचं."

"ती डॉक्टर आहे," आई आतून म्हणाली. "चेअरमन नाही."

"तत्त्व एकच आहे."

"आणि ती काय सोडणार आहे? सुई?"

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. आम्ही दोघांनी मिळून मागणीपत्रक तयार केलं. अकरा मागण्या. लसीत काय काय आहे ते कळावं, बाटली फ्रिजमधून काढताना आम्हाला दाखवावी, तारीख दाखवावी, दुष्परिणाम लपवू नयेत, सही घेण्याआधी वाचायला वेळ द्यावा, असं सगळं. अकरावी मागणी बाबांची: प्रतीक्षागृहातला पंखा दुरुस्त करावा.

"हिचा लसीशी काय संबंध?" मी विचारलं.

"एक मागणी सोडून देण्यासाठी ठेवावी लागते. नाहीतर तडजोड कशावर करणार?"

पुढच्या तपासणीला मी ते पत्रक डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. शेजारी बाबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, बोलणी करायला जाताना घालायचे तसा. डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला, अकराच्या अकरा मागण्या वाचल्या आणि म्हणाल्या, "ठीक है."

"कौनसी?" बाबांनी विचारलं.

"सारी. सब वाजिब है." त्यांनी घंटी वाजवून कंपाउंडरला बोलावलं आणि इलेक्ट्रिशियनला फोन करायला सांगितलं.

बाबांनी पत्रक परत उचलून अकरावी मागणी तपासली. मॅनेजमेंट चर्चेआधीच सगळं मान्य करते, तेव्हा काय करायचं याचं प्रशिक्षण संघटनेनं त्यांना दिलंच नव्हतं. मग सावरून म्हणाले, "हम विचार करके बताएँगे." बाहेर आल्यावर रिक्षात मला म्हणाले, "सांभाळून राहा. एवढ्या सहज मान्य करतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

मागणी क्रमांक एकप्रमाणे डॉक्टरबाईंनी डांग्या खोकल्याच्या लसीच्या खोक्यातला माहितीचा कागद दिला होता. तो उलगडला तेव्हा आमचं जेवणाचं टेबल झाकलं गेलं. एवढं मोठं पत्रक आमच्या घरात कधी आलं नव्हतं. बाबांनी भिंग घेऊन ते तीन बैठकांत वाचलं. "निर्जीव भाषा," ते म्हणाले. "एकही हाक नाही, आवाहन नाही. पण हे बघ, मागच्या बाजूला सगळं कबूल केलंय." दंड दुखणे, ताप, डोकेदुखी, थकवा; आणि त्याखाली क्वचित, अतिक्वचित असं करत करत एक लांब उतरंड. मी ती उतरंड बोट ठेवून वाचली. 'अफवांना बळी पडू नका' लिहिणारी मी, संपूर्ण अधिकृत माहितीला बळी पडले.

दरम्यान नवऱ्यानं घोळ घातला. घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची लस घेतलेली बरी, असं डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. एका संध्याकाळी तो चहा पिताना डावा हात वर उचलेना. आईनं विचारलं तर म्हणाला, "लंचमध्ये जाऊन लावून घेतली. पाच मिनिटं लागली."

बाबांनी भिंग खाली ठेवलं.

"बोलणी चालू असताना?" बाबा म्हणाले.

"पण माझी बोलणी कुठे चालू होती?"

"संप फोडणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो." तो वीज खात्यात सहायक अभियंता आहे, त्यामुळे बाबा त्याला पहिल्यापासून मॅनेजमेंटमध्येच धरत होते. आता पुरावा मिळाला.

मी नवऱ्याची बाजू घेतली नाही. तीन दिवस मी त्याच्याशी फक्त तत्त्वाचं बोलले.

एकतीस आठवडे झाले, मग तेहतीस. तपासणी मी दोन्हीकडे करून घ्यायची, खासगीत आईच्या हट्टानं आणि सरकारीत तत्त्वानं. सरकारी केंद्राच्या रांगेत माझी एका बाईशी ओळख झाली होती. ती भैरवगढची, कापडावर ठप्प्यांची छपाई करणारी. बोटं कायम लाल-काळी. माझे आणि तिचे आठवडे बरोबर जुळायचे. फरक एवढाच, की हे तिचं तिसरं होतं आणि माझं पहिलं. ती कापड छापते, आम्ही कागद, असं मी तिला एकदा म्हटलं होतं. त्यावर तिनं विचारलं होतं, "आपका वाला बिकता है?"

चौतिसाव्या आठवड्यात आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं: दोन लसी, सरकारी आणि खासगी, गरज आणि हक्क, आणि म्हणून माझा नकार. ती नखातला रंग काढत ऐकत होती.

"मतलब हमको यहाँ नहीं मिलता, इसलिए आप नहीं लगवा रहीं?"

"हाँ. उसूल की बात है."

"अच्छा." तिनं थोडा विचार केला. "तो आपके नहीं लगवाने से मेरे वाले को मिल जाएगा?"

"नहीं, पर—"

"फिर किसको मिलेगा?"

मी व्यवस्थेबद्दल काहीतरी बोलले. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाकडे बघून डोलवावी तशी तिनं मान डोलवली. मग हळू आवाजात म्हणाली, "दीदी, डर लग रहा है तो डर बोलो ना. मेरे को भी लगा था पहली बार में. हमारे ऊपर काहे को डाल रही हो?"

तेवढ्यात तिचा नंबर आला आणि ती उठून आत गेली.

मी घरी आले. बाबा पॅड घेऊन तिसऱ्या बैठकीची तयारी करत होते. मी समोर बसले. माझ्याकडे मुद्दा होता, उपमुद्दे होते, समारोपही होता. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"बाबा, मला भीती वाटते. त्या कागदावर शेवटी जे लिहिलंय, त्यातलं काही बाळाला झालं तर ते मी केलेलं असेल. माझ्या हातानं."

बाबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मलापण वाटते," ते म्हणाले.

"मग हे एवढं सगळं?"

"अगं, काहीतरी करत होतो ना."

आई ताटं घेऊन आली. "मला वाटलं तुम्हा दोघांना माहीत आहे," ती म्हणाली. "मी आपली गप्प बसले." ताटं मांडून झाल्यावर बाबांकडे न बघता म्हणाली, "यांची मोठी बोलणी चालली होती ना, तिसऱ्या बैठकीपर्यंत समोरच्या साहेबाचीच बदली झाली. हिला छत्तीसच्या आत करायचंय. बाळ काय तारीख वाढवून देणार आहे?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच फ्रीगंजला गेले. मागणीपत्रक नेलं नाही. खुर्चीत बसले आणि जे बाबांना सांगितलं तेच डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मागच्या दोन बैठकांत त्यांनी पेन एकदाही खाली ठेवलं नव्हतं.

"हाँ, डर तो लगता है," त्या म्हणाल्या. कागदावरच्या उतरंडीतली एकेक ओळ त्यांनी मला समजावून दिली: काय खरोखर होण्यासारखं आहे, कशासाठी त्यांना फोन करायचा, आणि कशासाठी अर्धा तास इथेच बाकावर बसवून ठेवतात. मग डांग्या खोकल्याबद्दल म्हणाल्या, "इतना छोटा बच्चा कई बार खाँसता भी नहीं. बस साँस रोक लेता है. मैंने देखा है." पुढे म्हणाल्या, "लगवाया और कुछ हुआ तो आपको लगेगा, मैंने किया. नहीं लगवाया और कुछ हुआ, तो वो भी आपका ही किया होगा. बस उसमें सुई नहीं दिखेगी."

यावर माझ्याकडे मागणी नव्हती. मी दोन्ही बाह्या वर केल्या, कारण दोन्ही लसी एकाच दिवशी, दोन हातांत देता येतात, असं त्या म्हणाल्या. पहिली सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. दुसरीला उघडे ठेवले. नंतरचा अर्धा तास मी बाकावर बसून पोटातल्या हालचाली मोजत होते. बाळ नेहमीसारखंच लाथा मारत होतं, बहुधा मध्येच उठवल्याबद्दल.

माझा चोख मुद्दा अजून तसाच उभा होता. माझ्या भीतीचं ओझं त्याच्यावरून उतरल्यावर तो उलट जास्तच चोख दिसायला लागला. म्हणून मी आरोग्य खात्याला अर्ज लिहिला, की या लसी सरकारी केंद्रात सर्व गरोदर बायांना मिळाव्यात. बाबांनी त्यातली तीन विशेषणं काढली. दोन दिवसांनी मी तो सह्यांसाठी भैरवगढला घेऊन गेले.

ती उभ्यानं काम करत होती. लांब टेबलावर कापड ताणलेलं, आणि पोट आडवं येतं म्हणून ती तिरकी उभी राहून ठप्पे मारत होती. हात पुसून तिनं अर्ज वाचला, दुसऱ्यांदा वाचला, सही केली.

"कब तक होगा ये?"

"पता नहीं."

"तब तक तो हमारे बच्चे ब्याहने लायक हो जाएँगे." अर्ज माझ्या हातात देत तिनं विचारलं, "वो फ्रीगंज वाली कितने बजे बैठती है?"

मी वेळ सांगितली. छत्तीस आठवडे व्हायच्या आत जा, हेही सांगितलं. ती म्हणाली, तयार माल द्यायला तिला उद्या तिकडे जायचंच आहे.

"आपने लगवाया?"

"हाँ. दोनों."

तिनं हातातला ठप्पा बाजूला ठेवला. मग हात लांब करून माझ्या डाव्या दंडावर, खांद्याच्या खाली, अंगठ्यानं दाबलं. मी कळवळून मागे सरकले.

"हाँ, लगवाया तो है," ती म्हणाली. "कितने दिन दुखता है?"

"दो दिन बोला था. मेरा तीसरा है."

"बस?"

"बस."

तिनं ठप्पा रंगात बुडवला आणि पुढची ओळ मारायला घेतली. माझ्या बाहीवर तिचा अंगठा उमटला होता.