औशाला थांबलेल्या इंग्रजी गाड्या

इंग्रजी भाषेवर इतकं प्रेम करणारा आणि तिच्याकडे इतक्या संशयाने पाहणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याचा जावई इंग्रजीचा प्राध्यापक नसावा, एवढीच माझी प्रार्थना आहे. मी नांदेडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. शिकवतो म्हणजे इंग्रजी धडा मराठीतून सांगतो. उमरी, हिमायतनगरकडून सकाळची गाडी धरून येणारी मुलं तो धडा गाइडमधून वाचतात, मीही बहुतेक वेळा त्याच गाइडमधून सांगतो, आणि अशा रीतीने दोन्ही बाजूंची अब्रू शाबूत राहते. पण औशाला, माझ्या सासरवाडीत, मी म्हणजे साक्षात इंग्लंडचा अधिकृत प्रतिनिधी. लग्नाच्या बैठकीत कुणीतरी "पोरगा इंग्लिशचा हाय" असं इतक्या आदराने सांगून ठेवलं होतं, की पुढे खुलासा करायची सोयच उरली नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. ते औशाच्या बसस्थानकावर नियंत्रक होते. खिडकीत बसायचं, कुठली गाडी कुठून आली आणि कुठे चालली हे कागदावर चढवायचं आणि मग माईकवर पुकारायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी माईक गळ्यातून निघाला नाही. घरात चहा मागायचा तर "स्वयंपाकघरातून निघून ओसरीमार्गे अंगणात येणारा चहा अजून का लागला न्हाई?" असा पुकारा होतो आणि शेजारच्या घरातली माणसंही दारात येऊन बघतात. अशा माणसाशी जावयाने बोलावं तरी काय? "प्रवास बरा झाला का?" "झाला." "तिकडं पाऊस?" "आहे बऱ्यापैकी." मग दोघांनीही पंख्याकडे बघत बसायचं. आमची पहिली कितीतरी वर्षं अशी पंख्याच्या देखरेखीत गेली.

मग मामांना नातीचा ध्यास लागला. माझे मेहुणे कॅनडात असतात. त्यांची मुलगी तिकडेच जन्मली, तिकडेच शाळेत जाऊ लागली, आणि तिचं मराठी "आबा, जेवलात?" एवढ्यावर येऊन थांबलं. एकदा फोनवर, चेहरे दिसत असताना, तिने काहीतरी गंमत सांगितली. सगळे हसले. मामाही खो खो हसले. पोरगी चुणचुणीत. तिने विचारलं, "आबा, त्यातलं तुम्हाला काय आवडलं?" तेही इंग्रजीत. मामांनी "नेटवर्क न्हाई, नेटवर्क न्हाई" म्हणत फोन मामींच्या हातात दिला आणि ते उठून अंगणात गेले. पुढच्या रविवारी त्यांचा मला फोन आला. "पाहुणे, पोरगी पुढल्या सुट्टीत येनार हाय. तवर मला तिच्याशी बोलता यायला पायजे. नुसतं यस-नो न्हाई बगा, गप्पा. न्हाई तर ती येनार, माझ्याकडं बगून हसनार अन् जानार. एवढ्यासाठी का आजा व्हायचं?"

त्या आठवड्यात मी वर्गात वाक्प्रचारांचा धडा घेत होतो. म्हणून, केवळ म्हणून, मी छातीठोकपणे सांगितलं, "मामा, मग वाक्प्रचार शिका. तिकडची पोरं त्याशिवाय तोंडच उघडत नाहीत." धडा दुसरा असता तर मी दुसरं काही सांगितलं असतं. पण मामांनी ते वरिष्ठ कार्यालयाचा हुकूम आल्यासारखं मनावर घेतलं.

आता दुसरा कुणी असता तर त्याने पाठांतर केलं असतं. मामांचं तत्त्व वेगळं. "गाडी कुठनं सुटली ते कळल्याबिगर मी ती पुकारत न्हाई." म्हणजे वाक्प्रचाराचा अर्थ सांगून भागायचं नाही, तो कुठे जन्मला, कुणी पहिल्यांदा वापरला, वाटेत कुठे थांबला, सगळं हवं. आणि ते मला कुठून माहीत असणार? माझं गाइड अर्थापाशी संपतं. मी सासरी गेलो की पायातल्या चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "पाहुणे, हे 'बाइट द बुलेट' कुठनं आलं?" जावयाने "माहीत नाही" म्हणायचं म्हणजे बैठकीतलं सगळं खोटं ठरायचं. मी पोटावर हात ठेवायचो, "आलोच" म्हणून मागच्या अंगणातल्या संडास-न्हाणीघरात जायचो, कडी लावायचो आणि मोबाइलवर शोधायचो. बाहेर येऊन गंभीरपणे सांगायचो, "पूर्वी भूल द्यायचं औषध नव्हतं. जखमी शिपायाला दातात गोळी धरायला देऊन डॉक्टर कापाकापी करायचे, असं म्हणतात." मामा डोळे मिटून ऐकायचे आणि मग हाताची मूठ तोंडाशी धरून पुकारायचे, "लष्करी दवाखान्यातून निघालेली, सहनशक्तीमार्गे जाणारी 'बाइट द बुलेट' औसा स्थानकात आलेली हाय!" याचा परिणाम असा झाला की, जावयाचं पोट कायमचं बिघडलेलं आहे अशी मामींची खात्री पटली. अधिक महिन्यात साऱ्या औशातले जावई पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खात असताना मी मऊ भात आणि ओव्याचं पाणी घेत होतो.

त्याच महिन्यात 'वन्स इन अ ब्लू मून' आला. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला तिकडे निळा म्हणतात, आणि असं दोन-तीन वर्षांतून एकदा घडतं, असं मी न्हाणीघरातून बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा मामा खुर्चीतून उठले. "म्हंजी त्यांचा धोंड्याचाच महिना की हो! मग पोरीला हेच म्हनतो. एवढ्या वर्षांनी येनार, अगदी धोंड्यावानी." 'व्हाइट एलिफंट'चा उगम कळायला त्यांना वेळच लागला नाही. पूर्वी एक राजा नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट देई, तो कामाला लावता येत नसे, विकताही येत नसे, आणि त्याला खाऊ घालता घालता सरदार धुळीला मिळे. मामांनी लगेच कोपऱ्यातल्या, जागच्या जागी चालायच्या यंत्राकडे बोट केलं. मेहुण्यांनी हौसेने घेऊन दिलेल्या त्या यंत्रावर मामींच्या साड्या वाळत होत्या. 'द होल नाइन यार्ड्‌स'वर मात्र आमचं वाजलं. त्याचा अर्थ 'सगळंच्या सगळं', पण हा शब्दप्रयोग नेमका कुठून आला हे खुद्द जाणत्यांनाही ठरवता आलेलं नाही, असं मी सांगितलं. मामांना ते जाणते कीव करण्यासारखे वाटले. "यार्ड म्हंजी वार का न्हाई? नऊ वार म्हंजी आख्खं लुगडं का न्हाई? मग? औशाच्या बाजारात कुन्या गोऱ्या साहेबानं बायकोसाठी लुगडं घेतलं असनार. इंग्लंडात कशाला शोधायलेत ते?" मी एका परिषदेत हे मत मांडावं असा त्यांचा आग्रह अजूनही आहे.

आणि नात आली. मीही बायकोसह औशाला गेलो होतो. आपल्या विद्यार्थ्याचा निकाल ऐकायला जाण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते. मामा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. गाडी थांबली, पोरगी उतरली, पाया पडली. मामांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वेलकम! यू कम वन्स इन अ ब्लू मून!" पोरीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "व्हॉट्स अ ब्लू मून?" मामांनी दुसरा वाक्प्रचार काढला, तिसरा काढला. पोरगी गोड हसत राहिली. तिने यातलं एकही जन्मात ऐकलं नव्हतं. तिच्या वर्गातली पोरं असं बोलतच नव्हती. सगळ्यांची तोंडं आधी मामांकडे आणि मग सावकाश माझ्याकडे वळली. त्या वेळी मला न्हाणीघराची खरी गरज होती.

जेवताना मामांनी अर्धीच भाकरी खाल्ली. हात धुताना माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "तिकडं ह्या गाड्या बंद झाल्या वाटतं, पाहुणे." रागावले असते तर बरं वाटलं असतं. एवढ्या महिन्यांची त्यांची मेहनत मी एका धड्याच्या भरवशावर चुकीच्या फलाटावर उभी केली होती.

पण सकाळी उठून पाहतो तर ओसरीवर आजा आणि नात समोरासमोर बसलेले. ब्लू मून म्हणजे काय हे तिला कळायलाच हवं होतं. मामांनी दोन ताटं घेतली होती, एक पौर्णिमा, दुसरी पौर्णिमा. इंग्रजी दोन वाक्यांत संपलं, मग हात आले, मग मराठी आलं, मग मामींकडून खरोखरीचा धोंडा आला आणि तो पोरीने खाल्ला. "अजून एक," ती म्हणाली. धोंडा नव्हे, गोष्ट. मग पांढरा हत्ती आला, मामा स्वतः हत्ती झाले आणि ती चालायच्या यंत्रावर उभी राहून राजा झाली. दुपारी दोघं बसस्थानकावर जाऊन बसली. संध्याकाळी ती घरात शिरताना मूठ तोंडाशी धरून ओरडली, "लातूर... निलंगा... औसा गाडी लागलेली हाय!" ते 'हाय' मामांचंच होतं. मेहुणे पाठ करून उभे राहिले आणि चष्मा पुसायला लागले.

ती परत गेली. त्यानंतर, शिकवणी सुरू झाल्यापासून दर रविवारी येणारा मामांचा फोन येईनासा झाला. चौकशी केली तर कळलं, त्या वेळी कॅनडाचा फोन चालू असतो. आता मामा मराठी वाक्प्रचार पुकारतात आणि ते कुठून आले हे ती तिकडे शोधते. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण रिकाम्या रविवारी मी दोनदा तरी फोन उचलून बघायचो. दिवाळीला औशाला गेलो. चपला काढल्या, उभा राहिलो. प्रश्न आला नाही. मामींनी ताटात पुरणपोळी वाढली, ती खाल्ली. मग आम्ही दोघं ओसरीवर येऊन बसलो, आणि आता पुन्हा पंखाच, असं मी मनाशी म्हटलं. थोड्या वेळाने मामांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. आवाज पुकाऱ्याचा नव्हता.

"पाहुणे, तुमचं कसं चाललंय? म्हंजी, कॉलेजचं न्हाई इचारत. तुमचं."

एवढ्या वर्षांत सासरी मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझा हात सवयीने पोटाकडे गेला, पण हे उत्तर न्हाणीघरात मोबाइलवर सापडणारं नव्हतं. मामा मात्र थांबले होते, आणि त्यांना काही घाई नव्हती.