करकरणारं फाटक

काल संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून आम्ही चौघे जुने मित्र वाइन घेत बसलो होतो. फाटक करकरलं आणि साठी उलटलेल्या चौघांनीही आपापला ग्लास झटकन खुर्चीखाली सरकवला!

कॉलेजात असताना याच अंगणात, माझे वडील, अण्णा, फिरून यायच्या आत आमची लपूनछपून मैफल चाले. फाटक वाजलं की ग्लास खाली, तोंडात बडीशेप. अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. आमच्या हातांना मात्र ते कुणी सांगितलेलंच नाही.

फाटक वाऱ्यानं हललं होतं. आम्ही पोट धरधरून हसलो. मग सुधीर हळूच म्हणाला, "अण्णांना सगळं ठाऊक होतं रे. उगाच का त्यांनी फाटकाला कधी तेल घातलं नाही?"

मी आजच घालणार होतो. आता राहू दे.