“अक्का, तू राहिलीसच ना इथे?”

आज सकाळी धाकटा भाऊ मुलीला घेऊन आला. तिला पुण्यात फॅशन कंपनीत प्रसिद्धीचं काम मिळालंय. म्हणाला, “अक्का, समजाव हिला. तू राहिलीसच ना जळगावात? काय बिघडलं?”

मैत्रिणींनो, नव्वदच्या सुमारास बी.ए. होऊन मी गल्लीतल्या साडीच्या दुकानात लागले. मी खांद्यावर टाकून दाखवलेली साडीच बायका मागायच्या. सुरतच्या साडी कंपनीने गावोगावच्या प्रदर्शनांत साड्या दाखवायला बोलावलं. आमचे वडील, आबा, म्हणाले, “गल्लीबाहेर नको.” त्याच काउंटरमागे तीस वर्षं काढली, कुरकुर न करता.

आज माझं ते गप्प राहणंच भाचीच्या आड आलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी चहा टाकायला उठले.

संध्याकाळी दोघं परत येतील. भिंतीवरच्या आबांच्या फोटोसमोर “बिघडलं” एवढं तरी म्हणवेल का मला? तुम्हाला म्हणवलं असतं?