अकरा घरांची गाठोडी

भाडेकराराचे नववे कलम मला आजही तोंडपाठ आहे: "भिंतीस खिळा, खुंटी अथवा फळी ठोकण्यास सक्त मनाई आहे." या एका वाक्याविरुद्ध मी वसाहतीच्या अधीक्षकांना सहा पत्रे लिहिली. उत्तर फक्त एकाला आले: "नियम सर्वांस सारखा आहे." नियम सर्वांस सारखा असतो हे सांगण्यासाठी अधीक्षक नेमावा लागत नाही. माणसाने अंगातला सदरा काढून कोठे टांगावा, याचे उत्तर ज्या नियमापाशी नाही तो नियम नव्हे, हट्ट आहे. हे मत मी तेव्हा पोस्टकार्डावर लिहिले होते, आज वहीत लिहितो आहे; मतात काडीचा फरक पडलेला नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली होती. पिंपरी आणि चिंचवड यांच्या मधल्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते. त्यांतल्या एका लहानशा खाजगी कारखान्यात मी टपालाचा कारकून होतो. कारखान्याने बांधलेल्या चाळीत दीड खोली आम्हा नवराबायकोला मिळाली होती. त्या दीड खोलीत आम्ही दोघे, एक स्टोव्ह, एक ट्रंक आणि अकरा घरांची गाठोडी असे राहत होतो.

गाठोड्यांचा खुलासा करणे अवश्य आहे. माझी पत्नी गोधड्या शिवत असे. आकुर्डी, चिंचवड आणि सांगवीपर्यंतची घरे तिच्याकडे कापड पाठवीत. रीत अशी, की गोधडी त्याच घरच्या जुन्या कपड्यांची व्हावी. वर-खाली त्या घरच्या बाईचे विरलेले लुगडे, आत थराला पुरुषांची धोतरे. म्हणून प्रत्येक घर आपले कापड गाठोड्यात बांधून देई, आणि ज्या दिवशी ज्या घरची गोधडी धरायची त्या दिवशी तेवढेच गाठोडे सुटे. कोणते गाठोडे कोणाचे, हे ती वरच्या फडक्यावरून आणि गाठ मारण्याच्या ढंगावरून ओळखी. कागदाचा चिटोराही कोठे नव्हता.

ही गाठोडी भिंतीकडेने रचलेली असत आणि रात्री अंथरूण घालताना ती स्टोव्हपाशी सरकवावी लागत. कोणीतरी तक्रार केली. नोटीस आली: येत्या शुक्रवारी पाहणी होईल, सामान अस्ताव्यस्त आढळल्यास शिवणाचे सर्व कापड खोलीतून हलवावे लागेल. हलवायचे कोठे? दुसरी जागा नव्हती. म्हणजे गोधड्यांचे काम बंद. आणि ते काम बंद होणे म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. चाळीत आल्यापासून ती ज्या एका गोष्टीबद्दल मान वर करून बोलत असे, ती ही होती.

ती त्याच आठवड्यात भाचीच्या बारशासाठी देहूच्या पलीकडे माहेरी गेली. जाताना म्हणाली, "अहो, शुक्रवारच्या आत येते मी. तुम्ही कशाला हात लावू नका." मी होकार दिला. ती शनिवारी आली. मधल्या दिवसांत जे घडले त्याची जबाबदारी पूर्णतः माझी आहे.

भिंतीला हात न लावता खोली लावायची, हा प्रश्न मी फारसा खर्च न करता सोडवला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. चिंचवडच्या पेठेत एक मुसलमान किराणा व्यापारी होते. गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांच्या दुकानामागे चहाची पत्री कडांची रिकामी खोकी पडलेली असत. मी रीतसर अर्ज लिहून नेला.

चाचांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. माझ्या अर्ज-पत्रांमुळे पंचक्रोशीत मला वकीलच म्हणत. "वकीलसाब, रिकामं खोकं न्यायला अर्ज? उद्या मेलेला उंदीर न्यायला काय आणाल, स्टँप पेपर?"

"मालकाच्या संमतीविना वस्तू उचलणे बरे नव्हे," मी म्हटले.

"अहो, संमती काय, हातगाडीपण देतो. न्या सगळी. बायकोला सांगा, चाचाची गोधडी अजून यायचीय."

अशी पाच खोकी आली. ती एकावर एक आडवी रचली की तोंडे समोर येत आणि भिंतीला नुसती पाठ टेकत; कलम नऊ शाबूत. दोऱ्याची रिळे मी सायकलच्या मोडक्या आऱ्यांत ओवली आणि आरे खोक्याच्या कडेला अडकवले, म्हणजे रीळ जागेवरच फिरावे आणि दोरा सुटावा. बटणे व हुक औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत. सुयांचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात त्या गंजत. तिची पद्धत म्हणजे विंचरताना गळालेल्या तेलकट केसांचा गुंडा करून त्यात सुया खोचायच्या. मला ती ओंगळ वाटे. मी मेणकापडाची घडी केली. पुढे पावसाळाभर मेणकापडातल्या सुया गंजल्या आणि केसांतल्या लखलखीत राहिल्या. त्याविषयी मी तिला लेखी कबुली दिलेली आहे.

खोकी तयार झाली. राहिली गाठोडी. ती जशीच्या तशी आत घातली असती तर पुढचा सगळा खेद टळला असता. पण वेगवेगळ्या आकारांची, फुगलेली, अंगावर येणारी ती गाठोडी माझ्या रचनेत बसेनात. मी विचार केला तो असा: शेजाऱ्याकडून पायलीभर ज्वारी उसनी घेतली तर तेच दाणे परत करावे लागत नाहीत, तितकीच आणि तसलीच ज्वारी दिली की देणे फिटते. कापडालाही तोच न्याय. मी प्रत्येक गाठोडे सोडले, कोणत्या घरचे किती नग ते यादीत उतरवले, आणि मग सगळे कापड प्रकारवार लावले. पहिल्या खोक्यात पांढरी धोतरे. दुसऱ्यात हिरवी लुगडी. तिसऱ्यात तांबडी-जांभळी. चौथ्यात चोळ्या, सदरे, मुंडासी. पाचव्यात चिंध्या. प्रत्येक खोक्यावर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी, यादीच्या तीन प्रती.

शुक्रवारी अधीक्षक आले, पाहून थबकले आणि शेऱ्यात "समाधानकारक" असे लिहून गेले. सहा पत्रांना न मिळालेले समाधान मला एका शब्दात मिळाले.

शनिवारी दुपारी ती आली. दारातच उभी राहिली. "गाठोडी कुठायत?"

"गाठोडी रद्द केली. आता वर्गवारी आहे. ही यादी."

तिने यादी घेतली नाही. पहिल्या खोक्यापाशी बसली, वरचे धोतर उचलले, खालचे उचलले, त्याखालचे उचलले.

"अहो, हे कुणाचं?"

"त्या नगांपैकी कोणतेही तीन आकुर्डीचे. यादीत तसे..."

"कोणतेही तीन?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे. "उद्या तुमच्या आईच्या फोटोऐवजी कुठल्याही म्हातारीचा फोटो लावते भिंतीवर. म्हातारी ती म्हातारीच. नग एक. चालेल?"

मी म्हणालो, भिंतीवर फोटो लावण्यास मनाई आहे. आयुष्यात इतके अचूक आणि इतके अवेळी मी दुसरे काही बोललो नसेन.

पाहणीत वाचलेले काम मी स्वतःच्या हाताने बुडवले होते. अकरा घरांनी आपल्या माणसांच्या अंगावरचे कापड विश्वासाने दिले होते. आता त्यांतले एकही घर तिच्या दारी पुन्हा येण्याचे कारण उरले नव्हते. संताप आला, आणि या खेपेस पत्र लिहायला समोर कोणी अधीक्षक नव्हता. म्हणून मी अकरा घरांना पत्रे लिहिली. त्यांत लपवले काहीच नाही: चूक माझी, पत्नीची नव्हे, पुढील आठवड्यात रविवारी सकाळी येऊन आपापले कापड ओळखावे, ज्यांना काम काढून न्यायचे असेल त्यांना तो अधिकार आहे.

रविवारी बाया आल्या त्या हसतच. पत्र कोणाला तरी वाचायला लावून, ऐकून आल्या होत्या. "कोर्टाचं समन आलंया म्हनं," एक म्हणाली. दुसरीने विचारले, "गुन्हा काय गं? धोतरं फितूर झाली?" पत्नी हसली नाही. तिने ओट्यावर सतरंजी टाकून सगळे कापड उलगडले. मी ओळखीची नोंद करायला वही घेऊन बसलो. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

ओळख पटवण्याचे शास्त्र त्या बायांपाशी होते. लुगडी तर क्षणात लागली: ही चुलीच्या ठिणगीची भोके, हे जावेने लावलेले वाकडे ठिगळ, हा बारशाच्या हळदीचा डाग. चाळीतल्या घरांच्या कपड्यांना परटाने बिबव्याने केलेल्या काळ्या खुणा कोपऱ्यात होत्या, त्यांवरून तीही घरे सुटली. नऊ घरांची गाठोडी पुन्हा बांधली गेली. पण बांधलेली गाठोडी पुढ्यात घेऊन बाया बसून राहिल्या. पत्नीच्या हवाली करावे की घरी न्यावे, हे कोणी ठरवीना. सगळ्या अकराव्या घराकडे पाहत होत्या.

अकरावे घर आकुर्डीच्या एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईचे. तिच्या नातीला दिवस भरत आले होते आणि पणतवंडाखाली घालायची गोधडी तिला आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या धोतरांची हवी होती. तीन धोतरे. नदीवर घरीच धुतलेली, परटाची खूण नाही, ठिगळ नाही. सतरंजीवर तशी पाच धोतरे उरली होती. त्यांतली दोन दहाव्या घरची, म्हणजे वसाहतीतल्या एका एकट्या मजुराची; तोही कपडे स्वतःच धुई, आणि तो गावी गेलेला होता.

मी पुढे होऊन म्हणालो, "आजी, पाचही घेऊन जा. त्या मजुराला मी माझी दोन देतो."

तिने माझ्याकडे पाहिले. "आन् परक्या मानसाचं धोतर माज्या पनतवंडाखाली घालू व्हय? तुमी लई शिकल्यालं, पन ह्ये न्हाई शिकवलं कुनी?"

मग तिने एकेक धोतर मांडीवर घेतले. काठ बोटांत चोळला, खालची कड उन्हाकडे धरली. नवरा काळ्या रानात जन्मभर राबलेला. खालच्या वीतभर कापडात मातीची राखाडी झाक बसलेली, कितीही धुतली तरी न गेलेली. एक बाजूला ठेवले. मग दुसरे. तिसऱ्यापाशी थांबली. पुन्हा पाहिले. उरलेल्या तीन धोतरांत तिला ठरवता येईना.

"ही दोन त्येची," ती म्हणाली. "तिसऱ्याचं मी सांगू शकत न्हाई. ज्येची खात्री न्हाई ते मला नगं."

पत्नीचा चेहरा उतरला. ती खालच्या मानेने म्हणाली, "आजी, माझ्या घरात तुमचं एक धोतर हरवलं. तुम्ही कापड घेऊन गेलात तरी माझी तक्रार नाही. दुसरी कोणीही शिवून देईल."

"दुसरीकडं न्यायचं आसतं तर सकाळीच नेलं आसतं. त्वा लपवलं न्हाईस, ह्या गड्यानंबी लपवलं न्हाई. ल्येकराची वाकळ दोन धोतरातबी हुईल, बारकी हुईल." तिने पदर खोचला आणि सतरंजीवरच मांडी ठोकली. "पर आता माज्या म्होरं फाडायचं. आन् पैला दोरा पडंस्तवर मी हितनं हालनार न्हाई."

ती बसलेली पाहून इतरांच्या हातांतली गाठोडी एकेक करून पत्नीच्या उजव्या बाजूला येऊन पडू लागली. एकीने आपली गाठ पुन्हा आवळून पाहिली. नऊही गाठोडी आली. मी ती जशीच्या तशी, न सोडता, खोक्यांत ठेवली. आकार बसत नव्हते तेथे खोकीच फिरवून घेतली.

पत्नीने पहिले धोतर झटकले आणि त्याचे एक टोक माझ्याकडे फेकले. उभे फाडायला समोर कोणीतरी लागते.

"ताठ धरा, वकीलसाहेब," म्हातारी म्हणाली, "आन् तोंड मिटून धरा."

मी धरले.