मधाच्या रंगाची गिटार

मुलीच्या गिटारसाठी तारा आणायला दुकानात गेलो होतो. तिथे पन्नाशीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन इलेक्ट्रिक गिटार निवडत होते. त्यांच्या मानेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता. ऑर्केस्ट्रात तीन-तीन तास उभ्याने वाजवावं लागतं, म्हणून हलकी दाखवा, असं ते सांगत होते.

दुकानदाराने दोन गिटारी काढल्या. काळी आतून पोकळ होती, हलकी, पण महाग. दुसरी मधाच्या रंगाची, पॉलिशमध्ये दुकानातले दिवे दिसावेत इतकी सुंदर. किंमत परवडणारी, पण लाकूड भरीव. त्या गृहस्थांची नजर तिच्यावरून हलेना.

शेवटी त्यांनी तीच खांद्याला अडकवली आणि डोळे मिटून वाजवू लागले. शेजारी उभ्या बायकोने गिटारच्या बुडाखाली हळूच तळहात लावला आणि भार स्वतःवर घेतला.

"अगं, ही तर काहीच जड नाही."

"नाहीच मुळी," ती म्हणाली.

मी बोलायला हवं होतं. स्टेजवर ती शेजारी नसणार. पण तेवढ्यात भलताच प्रश्न मनात आला. मला आजवर जे सहज पेललं, त्याच्या बुडाखाली कुणाचा हात होता? मी कधी डोळे उघडून पाहिलं का?

निघताना वळून पाहिलं. ते हौसेने कव्हरचा रंग निवडत होते. ती मागे उभी राहून मनगट चोळत होती.