बेगमपुऱ्यातल्या हीराबा

हीराबा गेल्याचं मला भाजीवाल्याकडून कळलं. पूर्वी सुरतेच्या बेगमपुऱ्यात फिरणारा तो आता आमच्याकडे, पर्वत पाटिया भागात गाडी लावतो. वांगी तोलता तोलता म्हणाला, "बेन, तमारां हीराबा गयां." मी वांगी तिथेच टाकून घरी आले. आईला सांगितलं, तर ती नुसती पंख्याखाली जाऊन बसली.

हीराबा आमच्या घरमालकीणबाई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही अमळनेरकडून सुरतेला आलो, बाबांना कापड मार्केटात काम लागलं आणि जुन्या शहरात पायी जाण्याच्या अंतरावर खोली हवी होती. मराठी म्हटल्यावर चार दारं बंद झाली. पाचव्या दारात पांढऱ्या साडीतल्या हीराबा उभ्या होत्या. "मारा घरमां कांदा-लसण नहीं," त्यांनी बजावलं. खानदेशी माणसाला कांदा-लसूण सोडायला सांगणं म्हणजे माशाला पाणी सोडायला सांगणं! पण अडला हरी. आईने मान डोलावली. बाबांनी मात्र मार्केटातल्या हॉटेलात रस्सा ओरपायची सोय लावून घेतली. हीराबांना त्याचा वास यायचा, पण त्या फक्त नाकाला पदर लावायच्या.

श्रावणात कानबाई बसवायची वेळ आली. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशींची कुळाची देवी; ती सगळ्या भाऊबंदांची मिळून असते, त्यांच्यात कुणी गेलं तर त्या वर्षी कुणाच्याच घरी बसत नाही. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत भाऊबंद मावणार कसे? हीराबांनी आपणहून पुढची खोली रिकामी केली, हिंचका, म्हणजे झोपाळासुद्धा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झालं, आम्ही प्रसादाचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, खायला बसलो, तर त्या दारात आल्या. "लता, मारो परसाद क्यां छे?" आईचा चेहरा पडला. कानबाईचा रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, सख्ख्या मामालाही नाही. आईने चाचरत खोबरं-साखर पुढे केली. हीराबांनी ती कपाळाला लावली आणि आत गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या कामापुरतंच बोलायच्या. आता खोली जाणार, अशी आईला धास्ती लागली.

मग प्लेगची साथ आली. निम्मं शहर मिळेल त्या गाडीने पळालं, त्यात आम्हीही. गावी आई सारखी म्हणायची, परत गेलो तर डोक्यावर छप्पर असेल का? आमच्याआधी परतणाऱ्यांना खोल्या हव्याच असणार, आणि आमच्याबद्दल हीराबांच्या मनात अढी होतीच. दिवाळीच्या तोंडावर भीत भीत परतलो. दाराला आमचंच कुलूप होतं. उंबऱ्याशी ताजी रांगोळी होती. हीराबा एकट्या त्या ओस गल्लीत राहिल्या होत्या आणि रोज आमचाही उंबरा झाडत होत्या. आई रडायला लागली, खोली दुसऱ्याला दिली असेल वाटलं म्हणाली, तशा त्या चिडल्या. "घर तमारुं छे, बीजाने केम आपुं?"

पुढच्या श्रावणात आई रोटाचे गहू घ्यायला बसली. घरातल्या माणसागणिक मूठ घ्यायची असते. सगळ्यांच्या मुठी झाल्यावर तिने आणखी एक घेतली. उधन्याहून आलेले काका भडकले.

"वहिनी, ती म्हातारी आपली भाऊबंद शे का?"

"प्लेगमा आपलं घर कोनी सांभाळं?" आई म्हणाली, आणि मूठ परातीत सोडली.

काकांनी त्या वर्षी हीराबांच्या पंगतीला बसायचं टाळलं. हीराबांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी मागून मागून खाल्ली, आणि रोटात तूप कमी पडलं म्हणून आईला सुनावलंही. पुढे आम्ही स्वतःचं घर घेतलं, तरी दर श्रावणात त्या रिक्षाने यायच्या, आपल्या तुपाची बरणी घेऊन...

परवा काकांचा फोन आला. कानबाईला कधी येऊ, विचारत होते.

"यंदा कानबाई बसाडसूत नही," आई म्हणाली. "घरमा गमी व्हयेल शे."

"कोन गयं?"

"हीराबा."

 काका म्हणाले, "मंग यंदा आपला कोनाच घरी नही."